ब्राचं माप घरच्या घरी: टेप कुठे धरायची, आकडा कसा काढायचा आणि तो अंगावर कसा पारखायचा

ब्राच्या लेबलावर ‘३४बी’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात. ३४ हा पट्ट्याचा आकडा, म्हणजे स्तनांच्या खालून बरगड्यांभोवती फिरणाऱ्या भागाचा. बी हे अक्षर कपाचं. हे अक्षर म्हणजे ठरावीक आकाराची वाटी नव्हे. छातीचा घेर आणि बरगड्यांचा घेर यांतला फरक तेवढा ते सांगतं. म्हणून ३२डी आणि ३८डी शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोन्हींवर डी असूनही दुसरीचा कप कितीतरी मोठा दिसतो. ‘माझा कप डी आहे’ हे वाक्य पट्ट्याच्या आकड्याशिवाय अर्धवटच राहतं.

दुसरी गोष्ट भाराची. स्तनांचं वजन पेलायचं काम मुख्यतः पट्ट्याचं आहे. खांद्यावरचे स्ट्रॅप कप अंगाला चिकटून राहावा एवढ्यासाठीच असतात. पट्टा सैल असला की सगळा भार स्ट्रॅपवर येतो आणि खांद्यावर वळ उठतात.

चुकीच्या मापाची सगळ्यात नेहमीची जोडी म्हणजे मोठा पट्टा आणि लहान कप. ती तयार कशी होते ते पाहण्यासारखं आहे. कप लहान पडला की स्तन त्याला बाहेर ढकलतात, आणि त्या ताणामुळे पट्टा काचतो आहे असं वाटतं. साहजिकच पुढच्या वेळी ३४ च्या जागी ३६ घेतली जाते. अक्षर तेच ठेवून आकडा वाढला की कपही थोडा मोठा येतो, म्हणून बरं वाटतं. पण आता पट्टा पाठीवर वर चढायला लागतो, मग स्ट्रॅप आवळले जातात. मूळ तक्रार कपाची होती आणि बदलला गेला पट्टा. म्हणून काचत असेल तर आधी कपाकडे बघायचं.

टेप, आरसा आणि वेळ

शिवणकामाची मऊ टेप घ्या. ती सहसा १५० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास ६० इंचांची असते. जुनी कापडी टेप वापरून वापरून लांबते, तेव्हा आधी तिचे पहिले ३० सेंटीमीटर स्टीलच्या पट्टीशी लावून बघा. शून्य कुठे सुरू होतो तेही पाहा. काही टेपांच्या टोकाला असलेली धातूची पट्टी मापात धरलेली असते, काहींत नसते. सुताराची धातूची टेप या कामाला चालत नाही, कारण ती अंगाच्या गोलाईवर बसत नाही. टेपच नसेल तर न ताणणारी नाडी किंवा रिबन गुंडाळा, जुळलेल्या जागी पेनानं खूण करा आणि ती पट्टीवर मोजा. लोकर किंवा इलॅस्टिक मात्र नको.

आरसा निदान कमरेपर्यंत दिसेल एवढा हवा. टेप पाठीवर खाली घसरली आहे हे पुढून कळत नाही, एका कुशीला वळल्यावरच दिसतं. ती घसरली की घेर तिरका जातो आणि आकडा एक-दीड इंचानं फुगतो. घरातलं कोणी मदतीला असेल तर मागची बाजू धरायला त्यांना सांगा.

माप उघड्या अंगावर घेतलेलं उत्तम. तसं नको असेल तर पातळ, बिनपॅडची ब्रा घाला. पॅडेड ब्रावरून घेतलेल्या मापात स्पंजची जाडी येते, स्पोर्ट्‌स ब्रा स्तन दाबून ठेवते. पाळी जवळ आली की पुष्कळ जणींचे स्तन सुजतात, जड होतात. त्या दिवसांत घेतलेलं माप उरलेल्या दिवसांना मोठं होतं. पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याभरानं मोजा. सूज दर महिन्याला ठळक येत असेल, तर त्या दिवसांसाठी कपानं एक पायरी मोठी अशी वेगळी ब्रा ठेवणं जास्त शहाणपणाचं.

भरल्या पोटी मोजू नका. पोट तट्ट असलं की खालचा घेरही थोडा वाढतो.

खालचं माप

ताठ उभ्या राहा, खांदे सैल सोडा. स्तन जिथे छातीला जोडलेले असतात, तिथे खाली एक घडी असते. टेप त्या घडीच्या लगेच खाली, जमिनीला समांतर फिरवा. स्तन जड आणि खाली आलेले असतील तर एका हातानं उचलून धरा. तसं केलं नाही तर टेप घडीत न बसता दोन बोटं खाली, पोटाच्या वरच्या भागावर बसते. टेपला पीळ पडलेला नाही ना, हे बोट फिरवून पाहा.

इथे एक नव्हे, दोन आकडे घ्यायचे.

पहिला, बसता: श्वास सहज सोडा आणि टेप अंगाला लागेपर्यंत ओढा. कातडी दबू नये, पण टेप घसरूही नये.

दुसरा, आवळलेला: श्वास पूर्ण सोडून टेप जेवढी सहन होईल तेवढी आवळा.

आकडे पाव इंचापर्यंत लिहा. प्रत्येक माप तीनदा घ्या. तिन्ही वेळा अर्ध्या इंचाच्या आत आलं तर मधला आकडा धरा, त्याहून फरक पडला तर टेप कुठेतरी तिरकी जाते आहे.

आवळलेल्या मापाचा उपयोग असा, की बसत्या मापापेक्षा ते किती कमी आलं यावरून बरगड्यांवर मांस किती आहे ते समजतं. फरक इंचभराचाच असेल तर हाडं वर आहेत, आणि अशा अंगाला फार घट्ट पट्टा टोचतो. फरक दोन इंचांहून जास्त असेल तर अंग मऊ आहे. तिथे पट्टा थोडा लहान घेतला तरी तो आत बसतो, आणि मोठा घेतला तर हमखास वर चढतो.

वरचं माप

हे माप स्तनांच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागावरून घ्यायचं, बहुतेकदा स्तनाग्रांवरून. टेप फक्त टेकवायची, दाबायची नाही. खालच्या मापाला टेप बसती आणि वरच्या मापाला नुसती टेकलेली, हा फरक पुष्कळ जणी विसरतात. वरची टेप आवळली गेली की कपाचं अक्षर एक-दोन घरांनी खाली येतं.

आधी उभ्यानं मोजा. मग कमरेतून पुढे वाका, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. स्तन खाली लोंबू द्या आणि त्याच टोकांवरून टेप फिरवून पुन्हा मोजा. अवघडल्यासारखं वाटतं खरं, पण दोन्हींत जास्त उपयोगी माप हेच. उभ्यानं मऊ स्तन खाली ओघळतात, त्यांचा बराचसा भाग टेपच्या रेषेखाली राहतो आणि मोजलाच जात नाही. वाकल्यावर तो सगळा पुढे येतो. घट्ट किंवा लहान स्तनांत दोन मापांचा फरक अर्ध्या-एका इंचाचा असतो. मऊ, भरलेल्या स्तनांत दोन-तीन इंचही पडतो. वाकून टेप मानेकडे सरकते, म्हणून इथे आरसा कुशीला घ्या किंवा कुणाची तरी मदत घ्या.

दोन्ही मापांची सरासरी काढा. उभ्यानं ३६ आणि वाकून ३८ असेल तर ३७. हे तुमचं वरचं माप.

आकड्यांवरून साइझ

खरा गोंधळ इथे होतो, कारण बाजारात दोन हिशोब चालतात आणि दोन्हींच्या शेवटी अक्षरं मात्र तीच येतात.

एक हिशोब सेंटीमीटरचा, युरोपीय तक्त्यांतला. त्यात वरच्या मापातून थेट बरगड्यांचं माप वजा करतात. फरक १२ ते १४ सेंटीमीटर आला तर ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी, २० ते २२ ई. पट्टा ७३ ते ७७ सेंटीमीटरच्या घेराला ७५ नंबरचा, आणि त्यालाच इंचांच्या लेबलात ३४ म्हणतात. म्हणजे ३४ लिहिलेला पट्टा जेमतेम साडे-एकोणतीस इंचांच्या बरगड्यांसाठी असतो. ‘खालच्या मापात चार मिळवा’ असं जे सांगितलं जातं, त्याचा मेळ याच तक्त्याशी लागतो.

दुसरा हिशोब इंचांचा. त्यात आधी पट्ट्याचा नंबर ठरवायचा आणि वरच्या मापातून तो नंबर वजा करायचा. एक इंच म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डीडी. त्याच्या पुढे ब्रिटिश लेबलांवर ई, एफ, एफएफ येतात, तर अमेरिकन लेबलांवर डीडीडी. या हिशोबात बरगड्यांचं मूळ माप वजा करून अक्षर मात्र ‘चार मिळवलेल्या’ पट्ट्याला चिकटवलं, तर ब्रा भलतीच मोठी येते. उलट केलं तर लहान. कुठलाही तक्ता वापरण्याआधी त्यात वजा काय करायचं आहे, अंगाचं माप की लेबलाचा नंबर, ते नीट वाचा.

पट्ट्यासाठी सुरुवात अशी करा. बसतं माप पूर्ण इंचात आणा. आकडा सम असेल तर दोन मिळवा, विषम असेल तर तीन. म्हणजे २९ आणि ३० ला ३२, ३१ आणि ३२ ला ३४, ३३ आणि ३४ ला ३६. दोन्ही टोकांना हा नियम थोडा वाकवावा लागतो. बरगड्यांचं माप २८ च्या आत आणि हाडं वर असतील तर चार मिळवलेला पट्टा बरेचदा जास्त सुखाचा होतो. माप ३८ च्या पुढे आणि अंग मऊ असेल तर काहीच मिळवू नका. कारण इलॅस्टिकमध्येच आहे. पट्टा आपल्या लांबीच्या प्रमाणात ताणतो, त्यामुळे आखूड पट्टा दोन-तीन इंच देतो तिथे लांब पट्टा त्याहून बराच जास्त देतो.

आता एक उदाहरण पूर्ण मांडू. खालचं बसतं माप ३० इंच, म्हणजे ७६ सेंटीमीटर. उभ्यानं वरचं ३६, वाकून ३८, सरासरी ३७, म्हणजे ९४ सेंटीमीटर.

इंचांनी गेलं तर पट्टा ३२. ३७ वजा ३२, फरक पाच, म्हणून ३२डीडी.

सेंटीमीटरनी गेलं तर पट्टा ७५, म्हणजे ३४. ९४ वजा ७६, फरक १८, म्हणजे सी आणि डी यांच्या सीमेवर. ३४सी किंवा ३४डी.

तीच व्यक्ती नुसती उभ्यानं मोजून, चार मिळवून गेली तर? पट्टा ३४, फरक दोन, म्हणजे ३४बी. डीडी हे अक्षर ऐकून दचकायचं कारण नाही. ३२डीडी आणि ३४डी यांच्या कपात जवळपास सारखंच मावतं. ३४बी मात्र दोन घरांनी लहान पडते, आणि वाकून न मोजण्याची आणि चार मिळवण्याची किंमत मिळून एवढी मोठी असू शकते.

या व्यक्तीनं ३२डीडी, ३४डी आणि ३४सी अशा तीन ब्रा घालून बघाव्यात. मोजमापातून एक उत्तर निघत नाही, दोन-तीन जवळची उत्तरं निघतात. ज्या कंपनीची ब्रा घेणार, तिच्या तक्त्यात बरगड्यांचा घेर दिलेला असेल तर तो आधी धरा. सारख्या नंबरचे पट्टेही एका कंपनीत कडक आणि दुसरीत ढिले निघतात.

शेजारची साइझ

पट्टा एक नंबर वर गेला की अक्षर एक घर खाली आणायचं, आणि पट्टा खाली आला की अक्षर वर. ३४सी ची शेजारीण ३६बी आणि ३२डी. यांनाच सिस्टर साइझ म्हणतात. कप बरोबर बसतो पण पट्टा घट्ट वाटतो, तेव्हा ३४सी सोडून ३६बी घ्यायची. नुसती ३६सी घेतली तर कपही वाढतो आणि वर पोकळी राहते.

एका घरापलीकडे ही युक्ती वापरू नका. ३२डी च्या जागी ३८ए घेतली तर हिशोबानं कपात तेवढंच मावतं, पण कपाखालच्या तारेची रुंदी, दोन कपांमधलं अंतर आणि स्ट्रॅपची जागा सगळंच बदलतं.

परदेशी लेबलं

ब्रिटिश आणि अमेरिकन पट्टे इंचांतच असतात. युरोपीय ७०, ७५, ८०, ८५ म्हणजे ३२, ३४, ३६, ३८. फ्रान्स आणि स्पेनच्या लेबलावर युरोपीय आकड्यात १५ मिळवलेले असतात, म्हणजे ३४ ला ९०. इटालियन ३४ चा नंबर ३, ऑस्ट्रेलियन १२. डी पर्यंत अक्षरं साधारण जुळतात, पुढे मात्र प्रत्येकाची वाट वेगळी, तिथे कंपनीचा तक्ता पाहण्याला पर्याय नाही.

घालून बघताना

आधी पट्टा एकटा तपासा. ब्रा उलटी घाला, कप पाठीवर आणि हूक समोर. कपांचा ताण निघून गेला की पट्टा खरा कसा आहे ते कळतं. नवी ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावून पाहायची. अशी उलटी घालून श्वास नीट घेता येतो, दोन बोटं आत जातात पण मूठ जात नाही, आणि पट्टा ओढला तर दोन इंचांपलीकडे अंगापासून सुटत नाही, तर पट्टा बरोबर. उलटी घातल्यावर ठीक आणि सुलटी घातल्यावर काचते, तर पट्टा दोषी नाही. कप लहान आहे.

आता सुलटी घाला, पण सरळ उभ्यानं नव्हे. पुढे थोडं वाका, कप स्तनांखाली धरा, तार असेल तर ती खालच्या घडीत टेकवा आणि मागे हूक लावा. हूक पुढे लावून ब्रा गोल फिरवायची सवय असेल, तर फिरवताना तार घडीतून सरकते, ती पुन्हा बसवा. मग उजवा हात डाव्या कपात घाला. काखेखालचा, बाजूच्या पट्ट्याखाली दबलेला भाग तळव्यानं पुढे आणि वर आणा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. ही पायरी गाळली तर कप मोठा वाटतो. ती केल्यावर तोच कप काठोकाठ भरतो, कधी ओसंडतो. काखेजवळ ‘चरबी’ म्हणून सोडून दिलेल्या भागातला बराचसा स्तनच असतो.

ताठ उभ्या राहून स्ट्रॅप जुळवा. खांदा आणि स्ट्रॅप यांच्यात दोन बोटं सहज जावीत. आता आरशात क्रमानं बघा.

कुशीला वळून पाठ पाहा. पट्टा पुढे आणि मागे एकाच पातळीवर हवा. मागे कमानीसारखा वर चढला असेल तर सैल आहे.

दोन कपांमधला तुकडा छातीच्या मधल्या हाडाला टेकलेला हवा. तारेच्या ब्रात ही कसोटी सगळ्यात भरवशाची. तो तुकडा हवेत असेल, तर बहुतेक वेळा कप लहान आहे. बिनतारेच्या ब्रात तो थोडा सुटलेला असणं चालतं. दोन्ही स्तन अगदी लगटून असतील तर उंच तुकडा टोचतो. तिथे साइझ न बदलता, मध्ये कमी उंचीची ब्रा बघा.

तारेचं बाहेरचं टोक काखेच्या मध्याकडे रोखलेलं असावं आणि पूर्ण तार स्तनाच्या बाहेरून फिरावी. तारेवर बोट फिरवा. खाली हाड लागलं तर ठीक, मऊ लागलं तर तार स्तनावर चढली आहे आणि कप अरुंद आहे.

कपाच्या वरच्या काठावर स्तनाला खाच पडून एकाचे दोन दिसत असतील तर कप लहान. वर पातळ कपडा घालून बघितलं की ही रेघ लगेच दिसते.

मग हात वर करा, वाका, बसा. हात वर केल्यावर स्तन तारेखालून डोकावला तर पट्टा सैल आहे किंवा कप लहान.

फसवी लक्षणं

काही खुणा सरळ असतात, काही उलट्या दिशेला नेतात.

कपात वर पोकळी दिसली की कप मोठा, असं धरलं जातं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कप फारच लहान आणि उथळ असेल तर स्तन आत शिरतच नाही. तो कपाला पुढे ढकलतो, तार घडीतून खाली घसरते, मधला तुकडा सुटतो, आणि वरच्या काठाला पोकळी पडते. पोकळी आणि सुटलेला मधला तुकडा एकत्र दिसले, तर लहान कपाकडे न जाता एक-दोन घरं मोठा कप घालून बघा.

पाठीवर वळकट्या दिसतात म्हणून मोठा पट्टा घेणं हीही तशीच चूक. सैल पट्टा वर चढतो, मऊ भागात रुततो आणि वळकटी आणखी ठळक करतो. तीन किंवा चार हुकांचा, रुंद पट्टा खाली, पातळीत बसला की फरक दिसतो.

स्ट्रॅप रुततात त्याचं कारण बहुधा सैल पट्टा. स्ट्रॅप सारखे घसरतात ते पट्टा मोठा असल्यामुळे, किंवा खांदे उतरते असल्यामुळे. उतरत्या खांद्यांना मागे स्ट्रॅप जवळ-जवळ लावलेली ब्रा बरी पडते. नुसते आवळून काही होत नाही.

काखेत तार टोचत असेल तर कप रुंद किंवा तार उंच आहे. बरगड्यांवर तार टोचत असेल तर पट्टा आवळ आहे, किंवा लहान कपामुळे तार खाली ढकलली गेली आहे.

संध्याकाळी ब्रा काढल्यावर हलका लाल वळ असणं आणि तो थोड्या वेळात जाणं, यात काही बिघडलेलं नाही. कातडी सोलवटणं, हाताला मुंग्या येणं, श्वास तोकडा पडणं हे चालवून घेऊ नका.

साइझ बरोबर, तरी बसत नाही

सारखं माप असलेल्या दोघींचे स्तन अगदी वेगळ्या घडणीचे असू शकतात. वाकून आरशात बघा. भरणा वरच्या, म्हणजे मानेकडच्या भागात जास्त असेल, तर बंद, ताठ काठाचा कप वर रुततो, तिथे लवचिक लेसचा काठ बरा. भरणा खाली जास्त आणि वर उतार असेल, तर उंच कपात वर पोकळी राहणारच. त्यांना कमी उंचीचा, अर्ध्या कपाचा नमुना शोभतो. पाया रुंद आणि पुढे उठाव कमी असेल तर साच्यातल्या टी-शर्ट ब्राचा गोल कप मध्ये मोकळा राहतो. पाया अरुंद आणि उठाव जास्त असेल तर त्या कपाला पुढे पुरेशी खोलीच नसते. तिथे दोन-तीन तुकडे शिवून केलेला कप घ्यावा.

दोन स्तन अगदी सारखे क्वचितच असतात. नेहमी मोठ्या बाजूला कप बसवा आणि लहान बाजूला काढता-घालता येणारं पॅड द्या, किंवा तो स्ट्रॅप थोडा आवळा. लहान बाजूच्या मापानं घेतलं तर मोठा स्तन रोज दबतो.

स्पोर्ट्‌स ब्रालाही हीच मापं लागतात. नुसतं एस, एम, एल लिहिलेली दाबून धरणारी ब्रा लहान स्तनांना पुरते. भरलेल्या स्तनांना दोन वेगळे कप आणि मागे हूक असलेली घ्या आणि घालून जागच्या जागी उड्या मारून बघा.

वयात येणाऱ्या मुलींचं माप दर तीन-चार महिन्यांनी घ्यावं. वाढीच्या काळात बिनतारेची, मऊ ब्रा पुरेशी असते. गरोदरपणात आधी कप वाढतो, मग बरगड्याही फाकतात, म्हणून तेव्हा सैल हुकावर जागा राखूनच घ्यावी. अंगावर पाजताना कप दिवसातून अनेकदा कमी-जास्त भरतो. तिथे ताणणारा कप हवा. घट्ट तारेचा दाब राहिला तर दूध साकळू शकतं. स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर काय आणि कधी घालायचं हे डॉक्टर सांगतील तसंच. आणि मोजताना गाठ लागली, कातडीला खळगा दिसला, स्तनाग्रातून स्राव आला किंवा एकाच बाजूचा आकार अलीकडे बदलला असेल, तर ब्राचं राहू दे, आधी दाखवून या.

कपाटातल्या ब्रा मोजा

जी ब्रा त्यातल्या त्यात बरी बसते, ती टेबलावर पसरा. हुकाच्या टोकापासून सगळ्यात बाहेरच्या फाशापर्यंत, न ताणता मोजा आणि लिहा. मग एका हातानं टेपचं टोक आणि हूक धरून, दुसऱ्या हातानं पट्टा जाईल तेवढा ताणून मोजा. ताणलेलं माप तुमच्या बरगड्यांच्या बसत्या मापापेक्षा जेमतेम इंचभर जास्त असेल तर पट्टा योग्य. तीन-चार इंच जास्त असेल तर लेबलावर काहीही लिहिलेलं असो, तो तुम्हाला सैलच. तारेच्या ब्रात तारेच्या दोन टोकांमधलं अंतरही मोजून ठेवा. ऑनलाइन ब्रा घेताना हे तीन आकडे लेबलापेक्षा जास्त कामाला येतात.

इलॅस्टिक रोजच्या वापरानं, गरम पाण्यानं आणि ड्रायरच्या उष्णतेनं सैल होतं. त्यासाठीच हुकांच्या ओळी असतात, एकमेकींपासून साधारण अर्ध्या इंचावर. पट्टा सैल पडत जाईल तसं एक-एक ओळ आत यायचं. नवी ब्रा पहिल्याच दिवशी सगळ्यात आतल्या हुकावर बरोबर वाटत असेल, तर ती दोन-तीन महिन्यांत सैल होणार, ती घेऊ नका. आतल्या शेवटच्या हुकावरही पट्टा वर चढायला लागला की ती ब्रा संपली. तिच्यासारखीच दुसरी मागवण्याआधी टेप पुन्हा काढा, कारण मधल्या काळात वजन पाच-सहा किलोंनी हललं असेल तर पट्टा आणि कप दोन्ही बदललेले असू शकतात.